पुठ्ठ्याआडचा फासा

फासा अजून थांबला नव्हता, आणि लोटन म्हणाला, "चुकला."

रत्नप्रभाने ते ऐकलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे स्टीलच्या ताटलीत फासा पडला की आधी एक खणखणाट व्हायचा, मग कडेने घरंगळण्याची घरघर, मग दोन-तीन बारीक टकटक... आणि मग शांतता. शांतता झाली की आकडा. बाकी सगळ्यांच्या वेळी लोटन त्या शांततेची वाट पाहायचा. मान खाली घालून आकडा वाचायचा आणि मगच बोलायचा. तिच्या वेळी मात्र त्याचं "चुकला" टकटकीच्याही आधी यायचं.

एकदा झालं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण त्या रविवारी ते तिसऱ्यांदा झालं, आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईने योगायोगाला किती वेळा माफ करायचं याला काही मर्यादा असते.

ती त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी नीट ऐकायचं, एवढं ठरवून घरी गेली. राग मात्र वाटेतच सुरू झाला होता.

तसं पाहिलं तर त्या दोघांची ओळखच भांडणाने झाली होती.

मार्चमधली दुपार. पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक बंद. केळीचे ट्रक, रिक्षा, सायकली, सगळे उन्हात ताटकळलेले. प्रभा लुनावर बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांवर काळा चष्मा. पुढे एका तरुणाने स्कूटर स्टँडवर लावली होती आणि तो सीटवर पुन्हा पुन्हा काहीतरी टाकत होता. त्यातलं एक घरंगळलं, रस्त्यावर पडलं आणि थेट तिच्या पुढच्या चाकाखाली गेलं.

"मावशी, जरा गाडी मागे घेता? माझा फासा अडकलाय."

प्रभाने आधी चष्मा काढला, मग रुमाल सोडला, आणि मग बोलली.

"कोण मावशी?"

तो गोरामोरा झाला. "सॉरी... ताई."

"ताईसुद्धा नाही. पंचवीस वर्षांच्या अनोळखी बाईला नुसतं 'अहो' म्हटलं तरी भागतं."

"अहो..." तो इतक्या आज्ञाधारकपणे म्हणाला की शेजारचा रिक्षावाला फिस्सकन हसला. "ओ भाऊ, ते बायकोनं म्हणायचं असतं!"

प्रभाने रिक्षावाल्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड फिरवलं आणि आपला आरसा पुसायला घेतला. मग तिने वाकून फासा उचलला, आणि क्षणभर सगळा राग विसरली. वीस बाजू. वीस सारखे त्रिकोण. ही आकृती तिने पुस्तकात कितीदा पाहिली होती. हातात कधी आली नव्हती. रस्त्याने तापून ती गरम झाली होती.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"अमेरिकेतून. मामेभावाने पाठवलंय. खेळ आहे. आपल्याकडे कोणाला माहीत नाही... एक जण शूर शिपाई होतो, एक जादूगार, एक चोर. मी सूत्रधार. मी सांगायचं, पुढे जंगल आहे, जंगलात अमुक आहे. त्यांनी सांगायचं, आम्ही अमुक करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो." तो एका दमात बोलला, आणि मग खाली पाहून म्हणाला, "आत्ता एका ठिकाणी अडकलोय. येत्या रविवारी चकमकीत बारा वेताळ ठेवलेत. जास्त होतील का?"

हा माणूस वेडा असावा, असं प्रभाला वाटलं. पण प्रश्न वेडा नव्हता.

"तुमची माणसं किती?"

"चार. दोघे जण दोन-दोन सांभाळतात. प्रत्येकाचे सात जीव."

"वेताळाचा वार लागतो केव्हा?"

"फाशावर अकरा किंवा वर आला की."

"म्हणजे निम्म्या वेळा. लागला की किती जीव जातात?"

"एक ते सहा. साध्या फाशाने."

"सरासरी साडेतीन." मालगाडी धडधडत आली, तेव्हा ती आवाज चढवून ओरडली, "पहिल्या फेरीत एकवीस जीव गेले! तुमच्या चौघांचे मिळून अठ्ठावीस! दुसरी फेरी संपायच्या आत चौघेही आडवे! याला चकमक नाही म्हणत, कत्तल म्हणतात!"

"मग किती ठेवू?"

"त्यांनी जिंकायला हवंय की हरायला?"

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. अचानक आलेल्या शांततेत तो म्हणाला, "आधी घाबरायला हवंय. मग जिंकायला."

प्रभाने तेव्हा त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर चिकटलेले केस, आणि उत्तराची अगदी मनापासून वाट पाहणारे डोळे.

"पाच ठेवा," ती म्हणाली.

फाटक उघडलं होतं. मागून हॉर्नचा गदारोळ चालला होता. त्याने स्कूटरला किक मारता मारता पत्ता सांगितला: पिंप्राळ्यातच, बेबाबाईंच्या घरात मागची खोली, रविवारी तीन वाजता. "मी कशाला येऊ?" असं ती म्हणाली. तो म्हणाला, "पाच बरोबर होते की नाही ते बघायला."

हे कारण बिनतोड होतं. ती गेली.

लोटन देसले मूळचा पिंपळनेरचा. जळगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये इंजिनिअर होता. आजोबांचं नाव ठेवल्यामुळे कॉलेजात पोरांनी फार चिडवलं, पण त्याने नाव बदललं नाही. त्याच्या खोलीत रविवारी तिघे जमायचे: एक्सचेंजमधलाच निंबा, औषधांच्या दुकानातला मगन, आणि आता प्रभा. चौथी जागा रिकामी होती, ती पहिल्याच दिवशी घरमालकीण बेबाबाईंनी भरून काढली. खेळून नव्हे, दारात उभं राहून.

"फासे? माय व! माझ्या घरात जुगार चालू राह्यला का रे, लोटन?"

"जुगार नाही बेबाबाई, गोष्ट आहे. तुम्हीच बसा आणि बघा."

त्या उंबऱ्यात बसल्या, गहू निवडायचं सूप घेऊन. तासाभराने मगनचा मल्ल वेताळांच्या घोळक्यात सापडला, तेव्हा सूप बाजूला पडलं होतं आणि बेबाबाई ओरडत होत्या, "पळ ना बापा! उभा काय राह्यला!" आणि पाचवा वेताळ उरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "भुकेला दिसू राह्यला तो. भरीत-भाकरी द्या त्याला, मंग नाही भांडणार."

सगळे हसले. लोटन हसला नाही. त्याने प्रभाकडे पाहिलं. "नियमात हे नाही. चालेल का?"

"नियमात 'नाही' असंही नाही ना? मग फासा टाका. वेताळाला वांगी आवडतात की नाही, ते त्यालाच ठरवू द्या."

अठरा आला. वेताळाने भरीत खाल्लं आणि वाट सोडली.

त्या दिवसापासून लोटन दर गुरुवारी कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर यायचा, प्रश्न घेऊन.

"चिलखत घातलेला माणूस नदीत पडला तर बुडतोच का?"

"चिलखत किती जड? आणि नदी किती खोल?"

"तापी. श्रावणातली."

"मग चिलखताशिवायही बुडतो. पुढचा प्रश्न?"

"झोपलेल्या राक्षसाला बाण मारायचा, तर फासा टाकायचा की लागलाच असं धरायचं?"

"घोरतोय का?"

"घोरणाऱ्याला कमी लागतो?"

"आवाजाने नेम धरता येतो हो. तुम्ही कधी घोरणाऱ्याशेजारी झोपला नाहीत वाटतं."

"अजून तरी नाही..." तो म्हणाला, आणि मग दोघांनीही एकाच वेळी चहाच्या ग्लासात पाहिलं. चहा संपलेला होता. तरी दोघेही बराच वेळ पाहत राहिले.

प्रभाने आपल्या खेळातल्या बाईचं नाव ठेवलं वज्रा. वज्रा सगळ्यांच्या पुढे चालायची, वाट शोधायची, दरीवरून उडी मारायची. प्रत्यक्षात प्रभाने पोहणं शिकलेलं नव्हतं, झाडावर चढलेलं नव्हतं, घरात आवाज चढवलेला नव्हता. पण रविवारी तीन ते सहा ती सातपुड्याच्या घाटात असायची आणि स्वतःच्या हिमतीवर जिवंत परत यायची. सोमवारी वर्गात फळ्यावर लिहिताना तिला मध्येच वज्राची उडी आठवायची आणि खडू ताठ धरला जायचा.

घरी एक गोष्ट मात्र तशीच लोंबकळत होती. नाशिकहून स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घरचे चांगले, पत्रिका जुळलेली. आबा सकाळी चहाच्या वेळी विचारायचे, "काय कळवू त्यांना?" आणि प्रभा म्हणायची, "सांगते." दिवाळी आधी येईल की तुझं उत्तर आधी, असं आई हसून म्हणायची. पुढे तिने हसणं सोडलं. प्रभा हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. कारण नाही म्हटलं की आबा विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर अजून कोणी तिला दिलेलं नव्हतं. दर गुरुवारी लोटन राक्षसांबद्दल विचारायचा. वेताळांबद्दल विचारायचा. बस.

तिनेही त्याला नाशिकबद्दल कधी सांगितलं नाही. तो "छान" म्हणाला असता तर? तो धोका तिला पत्करायचा नव्हता.

तर तो पुढचा रविवार. महासर्पाची गुहा. मगनचा मल्ल आधीच गतप्राण होऊन भिंतीला टेकून बसला होता, म्हणजे मगन शेंगदाणे खात होता. निंबाचा जादूगार जखमी. बेबाबाई उंबऱ्यात पदर तोंडाशी धरून.

"सर्प वज्रावर झेप घेतो," लोटन म्हणाला, आणि फासा टाकला. खणखण. घरघर...

"चुकला."

टक. टक-टक.

प्रभाने हात लांब केला आणि पुठ्ठा आडवा पाडला. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्याला सेलोटेपने जोडलेल्या दोन बाजू; एका बोटाने पडला. ताटलीत फासा स्वच्छ दिसत होता. एकोणीस.

मगनच्या हातातला शेंगदाणा तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"हा चुकला?" प्रभा म्हणाली.

लोटनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"एक मिनिट," मगन म्हणाला. "म्हणजे काय, आम्ही मरायचं आणि यांनी जगायचं? माझा मल्ल तीनदा मेला! एकदा तर नुसत्या पायऱ्यांवरून घसरून मेला! तेव्हा नाही का रे चुकला तुझा फासा?"

"मगन, गप," निंबा म्हणाला.

"का गप? मी पायऱ्यांवर मेलो, निंबाभाऊ! पायऱ्यांवर!"

प्रभा उठली आणि बाहेर आली. अंगणात लिंबाच्या झाडाखाली तिने चपला पायात सरकवल्या, पण निघाली नाही. मागे पावलं वाजली, तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही.

"कधीपासून?"

"प्रभा, ऐकून तर घ्या..."

"कधीपासून चाललंय हे? खरं सांग." पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' आलं, आणि तेही रागात आलं, याचा तिला आणखी राग आला.

"नदी ओलांडली तेव्हापासून. वज्राचा एकच जीव उरला होता. तू... तुम्ही ओठ चावत होतात. मला वाटलं, ही मेली तर तुम्ही परत येणार नाही."

"म्हणजे नदी मी पोहून गेलेच नाही."

तो अंगठ्याने माती उकरू लागला.

"आणि कड्यावरच्या पहाऱ्यातून निसटले ते?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"दरीवरची उडी?"

"उडी खरी होती! शपथ. वीस आला होता."

"हे मला कसं कळणार?" आता ती वळली. "सांग ना, कसं कळणार? तू एक आकडा खोटा सांगितलास की सगळेच संशयित होतात. प्रात्यक्षिकात मुलाने एक आकडा मनाने घातला ना, तर मी अख्खा प्रयोग फाडून टाकायला लावते. मला वाटत होतं, मी काहीतरी करतेय. आयुष्यात एका ठिकाणी तरी मी स्वतः काहीतरी करतेय! आणि तिथे तू मागे बसून मला कडेवर घेऊन फिरवत होतास."

"मी तुला वाचवत होतो."

"मी मागितलं होतं का?"

लिंबाचं एक पान दोघांच्या मध्ये पडलं. लोटन ते पाहत राहिला. "यापुढे पुठ्ठा नाही ठेवणार," तो हळूच म्हणाला.

"यापुढे मी नाही," ती म्हणाली, आणि लुनाकडे वळली. ती नेहमीप्रमाणे पहिल्या पॅडलला सुरू झाली नाही. दहा-बारा पॅडल मारावे लागले, आणि तेवढा वेळ त्याच्यासमोर संतापून पॅडल मारत राहावं लागलं, हेही तिने त्याच्याच नावावर मांडलं.

घरी गेल्यावर मात्र त्याचं एक वाक्य तिच्या रागातून सुटून पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. ही मेली तर तुम्ही परत येणार नाही... असं कोणी खेळासाठी म्हणतं का?

गुरुवारी ती टपरीवर एक चहा जास्त प्यायली. तो आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मग एक दिवस कॉलेजच्या फाटकाशी निंबा उभा दिसला.

"ताई, तुम्हाला माहीत असेलच. लोटनने धुळ्याला बदली मागून घेतली. गेलासुद्धा."

"खेळावरून? एवढ्याशा भांडणावरून?"

"खेळावरून बदली कोण मागतं, ताई?" निंबाने इकडेतिकडे पाहिलं. "तुमचे आबा आले होते एक्सचेंजला."

"आबा?"

"मी शेजारच्याच टेबलावर होतो. म्हणाले, माझ्या मुलीला नाशिकचं चांगलं स्थळ आलंय, ती काही बोलत नाही. दर रविवारी तुमच्याकडे येते. तुमच्या दोघांचं काही असेल तर मला सरळ सांगा. चांगले बोलले हो, रागावून नाही."

"आणि तो काय म्हणाला?"

निंबा खाली पाहत म्हणाला, "म्हणाला, तसं काही नाही. तुम्ही नाशिकचं ठरवून टाका."

प्रभा सरळ घरी गेली. आबा ओसरीवर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. तिने पेपर हातातून काढून घेतला नाही, पण आबांनी तिचा चेहरा पाहून आपण होऊन खाली ठेवला.

"तुम्ही एक्सचेंजला गेला होतात?"

"गेलो होतो. त्यात काय चुकलं? मुलगा धुळ्याकडचा, आपल्यातला नाही, तरी मी त्याला माणूस म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला, विषय संपला."

"लग्न माझं आणि विचारलं त्याला? मी घरातच होते, आबा. रोज सकाळी तुमच्यासमोर चहा पीत होते."

"तुलाही रोजच विचारत होतो की!" आबांचाही आवाज चढला. "रोज 'सांगते', रोज 'सांगते'. शेवटी मी कोणाला विचारायचं? बरं, आत्ता सांग. नाशिकला काय कळवू?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. प्रभाने तोंड उघडलं. शब्द सगळे तयार होते, नीट ओळीने लावलेले. पण ज्याने "तसं काही नाही" म्हटलं, त्याच्यासाठी ते उच्चारायचे कसे?

"उद्या सांगते," ती म्हणाली, आणि स्वतःवरच इतकी चिडली की रात्रीचं जेवण तिने तोंडातही घातलं नाही.

सकाळी ती धुळ्याच्या बसमध्ये बसली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशीची हिरवी शेतं, मध्येच परतीच्या पावसाची एक सर येऊन खिडकीची काच धुऊन गेली. प्रभा वाक्यं जुळवत होती. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, त्याने असं म्हटलं तर तिसरं.

निंबाने सांगितलेलं घर देवपूरला मारुतीच्या देवळामागे होतं. दारात लुगडं नेसलेली एक बाई लसूण सोलत होती.

"लोटन देसले इथेच राहतात का?"

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मनाच पोऱ्या शे. तू कथाईन उनी?"

"जळगावहून."

"जळगावथाईन!" बाईचा चेहरा उजळला. "तूच का ती गणितवाली? ये माय, बस. मी सुंदरबाई, त्यानी माय. त्याना रांधासाठे उनू पिंपळनेरथाईन, पण तो एक घास खास नही. तोंड पाडीसन बसस. इचारं ते काही सांगस नही. पण माले बठ्ठं माहीत शे."

"काय माहीत आहे तुम्हाला?"

"तूच इचार त्याले," सुंदरबाई म्हणाल्या आणि लसणाची परडी उचलून आत गेल्या, कारण लोटन दारात उभा होता. जेवणाच्या सुट्टीत घरी आलेला. ओल्या केसांचा, थक्क झालेला.

"प्रभा?"

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं प्रभा विसरली.

"आबा तुझ्याकडे आले होते."

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो? तू म्हणाली होतीस, यापुढे मी नाही. आणि चांगलं स्थळ आहे. मी हो म्हटलं असतं तर तुझ्या घरात भांडणं झाली असती, आबा दुखावले असते, तू मध्ये सापडली असतीस. मला वाटलं, तुला त्या त्रासातून..."

"वाचवावं?"

तो रुमालाने उगाच केस पुसू लागला.

"पुन्हा? लोटन, पुन्हा? माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चकमक आली आणि ती तू माझ्या वतीने लढलास! माझ्या पाठीमागे! बरं, लढलास तर लढलास, हरून आलास! आणि वर मला पत्तासुद्धा लागू दिला नाहीस!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग एकदम काहीच आवाज नाही, म्हणजे सुंदरबाई कान देऊन ऐकत होत्या.

"आणि तू?" लोटनचाही संयम सुटला. "तू मला नाशिकबद्दल कधी सांगितलंस? इतके गुरुवार समोर बसून चहा प्यायलीस. घोरणाऱ्या राक्षसावर तासभर बोललीस. स्थळाबद्दल एक शब्द नाही! मला ते कळलं कोणाकडून, तर तुझ्या वडिलांकडून, ऑफिसात, सगळ्यांसमोर. मला कसं वाटलं असेल? मला वाटलं, तिला सांगावंसं वाटलं नाही, म्हणजे मी तिचा कोणीच नाही."

हे बरोबर होतं. रागाने मोजलं तरी बरोबर येत होतं.

"मला भीती वाटत होती," ती शेवटी म्हणाली, "तू 'छान' म्हणशील."

"छान?" तो म्हणाला. "छान? मला जेवण जात नाही, प्रभा. इथे चौघांना जमवून खेळ मांडला, तर मला चकमक रचता येईना. प्रत्येक वेळी वाटतं, हिला विचारू... आणि तू नाहीस. मला तू हवी आहेस. पहिल्या दिवसापासून. तू फाटकाशी मला ओरडलीस ना, तेव्हापासून."

बाहेर पुन्हा एक सर आली. पत्र्यावर टपटप वाजू लागली. प्रभाला हसू आलं, पण तिने ते येऊ दिलं नाही. अजून हिशेब पुरा व्हायचा होता.

"हे आबांना का नाही सांगितलंस?"

"आता सांगतो. आत्ता येतो तुझ्याबरोबर. त्यांच्या पाया पडतो, माफी मागतो, समजावतो..."

"तू येशील," प्रभा म्हणाली, "पण समजावणार नाहीस. तू बसशील. बोलेन मी."

"आणि ते चिडले तर?"

"चिडतील."

"तुला बोलले तर?"

"बोलतील. ऐकून घेईन. तू मध्ये पडायचं नाही. जमेल?"

त्याला हे फार कठीण जात होतं, हे तिला दिसत होतं. हात नुसते चुळबुळत होते. "जमवतो," तो म्हणाला.

सुंदरबाई आतून दोन ताटं घेऊन आल्या. "भांडण व्हयनं का? मंग जेवा आते. उपाशी पोटे कोणताच बाप मानस नही."

संध्याकाळची बस जळगावात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळ्या वाटेत त्याने तिला काय बोलणार हे एकदाही विचारलं नाही. फक्त पारोळ्याला बस थांबली तेव्हा खाली उतरून भाजलेलं कणीस आणलं, अर्धं मोडून तिला दिलं, आणि देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली.

आबा झोपाळ्यावरच होते. मुलीच्या मागे लोटनला पाहून त्यांनी पाय जमिनीला टेकवले आणि झोपाळा थांबवला. आई दारात आली. तिने हातातला चिमटा खाली ठेवला नाही.

"बसा," आबा लोटनला म्हणाले. आवाज कोरडा होता. "त्या दिवशी तुम्ही मला नाही म्हणालात. मी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतो. आता काय म्हणणं आहे तुमचं?"

लोटनने तोंड उघडलं. मग त्याने ओठ मिटले, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आबा, तो प्रश्न माझा नव्हताच. मी उत्तर द्यायला नको होतं. तुम्ही यांना विचारा."

आबांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्या रागाच्या मागे एक थकलेली काळजी होती. इतके दिवस 'सांगते' म्हणताना तिने ती कधी नीट पाहिलीच नव्हती. आता काय होईल, आबा किती दिवस बोलणार नाहीत, आई रडेल का, नातेवाईक काय म्हणतील, यातलं काहीही तिला आधी मोजता येण्यासारखं नव्हतं.

"बोल," आबा म्हणाले. "नाशिकला काय कळवू?"

"नाही कळवा, आबा," प्रभा म्हणाली. "मला लोटनशी लग्न करायचं आहे."